बठ्ठं बरं शे

शिरपूरच्या अलीकडे, तापीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात सुगंधाबाई ब्लाउज शिवते. तिने सांगितलेल्या दिवशी ब्लाउज मिळत नाही, ही गोष्ट आसपासच्या आठ-दहा गावांना ठाऊक आहे. तरी बाया तिच्याचकडे येतात. फिटिंग चांगलं असतं हे खरं, पण नुसत्या फिटिंगसाठी कोणी चार चकरा मारत नाही. सुगंधाबाई माप घ्यायला आतल्या खोलीत नेते, पडदा ओढते, टेप गळ्यात टाकते आणि पाच मिनिटं काहीच मापत नाही. कोणाची सासू, कोणाची म्हैस, कोणाच्या पोराचं ॲडमिशन, असं काहीबाही बोलत राहते. बाया येतात त्या या पाच मिनिटांसाठी.

वय छप्पन्न. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, कारण नवी काडी घालायला शिरपूरला गेलं की ती नेमकं तेवढंच विसरते. तोंड फटकळ. पण मापाच्या खोलीत ती फटकळपणा बाहेर ठेवते. भर उन्हाळ्यात कोणी म्हटलं की बाही कोपराच्या खाली घ्या, पाठ बंद करा, तर ती ‘बरं’ एवढंच म्हणते. पाठीवर टेप लावताना बाई दचकली तर टेप सैल सोडते आणि पुन्हा म्हशीबद्दल बोलू लागते. मग मापाची चिठ्ठी लिहिते. छाती, कंबर, बाही, गळा आणि सगळ्यात खाली दहा आकडे. चिठ्ठी नवऱ्याच्या हाती पडली तर त्याला तो टेलरबाईचा मोबाइल वाटतो. बायकोला मात्र सांगितलेलं असतं की हा नंबर शिरपूरच्या सल्ला केंद्राचा आहे.

हे केंद्र म्हणजे बाजारामागच्या दोन खोल्या. एक संस्था ते चालवते. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांचं तिथे ऐकून घेतात, लिहून घेतात, दवाखाना, पोलीस, कोर्ट जिथे लागेल तिथे सोबत जातात. एक समुपदेशक आहे, आठवड्यातून एकदा वकीलबाई येतात, आणि सुगंधाबाईसारख्या गावोगावच्या अकरा जणी आहेत. संस्थेच्या कागदावर त्यांना ‘सखी’ म्हणतात. सुगंधाबाईला हा शब्द मुळीच आवडत नाही. मी काय नाटकात काम करते का, असं ती मीटिंगमध्येच बोलून बसली होती. पण दर मंगळवारी, हातातलं शिवण अर्धं टाकून, ती केंद्रात हजर असते.

हेमांगी तिच्याकडे आली ती माघात, कडेवर तीन वर्षांच्या पुनमला घेऊन. सात-आठ किलोमीटरवरच्या गावची सून, नर्सिंग शिकलेली. ती आतल्या खोलीत गेली आणि हळूच म्हणाली की मले बाही जरा लांब पाह्यजे. सुगंधाबाईचा टेप जागच्या जागी थांबला. तो थांबला लांब बाहीमुळे नाही, ‘मले’मुळे.

बाहेरच्या माणसाला वाटतं की खानदेशात सगळे एकसारखंच बोलतात. तसं नाही. शिरपूर-धुळ्याकडे अहिराणी. इथे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, ‘सगळं’ला ‘बठ्ठं’ आणि ‘मला’ला ‘माले’. तिकडे पूर्वेला, जळगावच्या पुढे, मुक्ताईनगरच्या केळीच्या पट्ट्यात ‘हाये’ म्हणतात आणि ‘मले’. ‘मले’ आणि ‘माले’ यात लिहायला एका कान्याचा फरक, पण सासरी आलेल्या पोरीला तो फरक पहिल्याच दिवशी कळतो, कारण ओटीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. सुगंधाबाई स्वतः मुक्ताईनगरकडची. सदतीस वर्षांपूर्वी या गावात आली तेव्हा तिच्यावरही हसले होते. आता तिची बोली इतकी अहिराणी झाली आहे की कोणाला आठवतसुद्धा नाही. त्या दिवशी तिने हेमांगीची मापं तीनदा घेतली, केवळ ते बोलणं कानावर पडावं म्हणून.

फाल्गुनात पुनमला डोस द्यायचं निमित्त करून हेमांगी केंद्रात आली आणि दोन तास बोलली. नवरा प्रेमराज मारतो, सासू पुष्पाबाई दार लावून घेते, नर्सिंगची सर्टिफिकिटं कपाटात कुलपात आहेत. पोलीस नकोत, मले माहे कागद पाह्यजेत, मले नोकरी करायची हाये, असं तिचं म्हणणं होतं. केंद्रातली समुपदेशक नूतन मूळची सांगलीकडची. अठ्ठावीस वर्षांची, मनापासून काम करणारी पोरगी. ती हेमांगीचं बोलणं प्रमाण मराठीत उतरवत होती आणि अडली की सुगंधाबाईकडे बघत होती. पुढची तारीख ठरली, ती नूतनने चिठ्ठीवर लिहून दिली.

त्या तारखेला हेमांगी आली नाही. त्याच्या पुढच्या तारखेलाही नाही. तिचा मोबाइल बंद. सुगंधाबाई तयार ब्लाउज द्यायचं निमित्त करून तिच्या गल्लीपर्यंत जाऊन आली, पण एका शेजारणीने दारातच सांगितलं की ती सून हल्ली ओट्यावरही दिसत नाही.

आखाजीचा सण आठवड्यावर आला असताना, एका मंगळवारी, नूतनने सरळ प्रेमराजलाच फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि समोर सुगंधाबाई बसली होती. प्रेमराजच्या बोलण्यात नुसती साखर. हो मॅडम, देतो की मॅडम, इथंच आहे. मग हेमांगीचा आवाज आला.

“बठ्ठं बरं शे मॅडम. माले काहीच तरास नही. मना अर्ज फाडी टाका.”

नूतनने दोन प्रश्न विचारले, दोन्हीला हीच उत्तरं आली. फोन ठेवून तिने सुटकेचा निःश्वास टाकला. एक तरी घर सावरलं, म्हणाली, आणि रजिस्टर ओढून लिहायला लागली. ‘तक्रारदार सुखरूप, आपसांत समे’ एवढं लिहून झालं होतं, तोच सुगंधाबाईने कागदावर हात ठेवला.

“हे तिचं बोलणं नाही.”

नूतन म्हणाली की अक्का, आवाज तिचाच होता, मी ओळखते. सुगंधाबाई म्हणाली, आवाज तिचाच, बोली सासूची. नूतनला ते पटेना. तिचं म्हणणं असं की पाच वर्षं सासरी राहिल्यावर बोली बदलणारच. तुम्ही नाही का अहिराणी बोलत? प्रश्न सरळ होता. त्यावर सुगंधाबाईने एक गोष्ट सांगितली. ती तिने इतक्या वर्षांत कोणालाच सांगितली नव्हती, पोटच्या कुंदनलासुद्धा नाही.

लग्नाचं दुसरं वर्ष होतं. तिचा बाप एसटी बदलत बदलत तिला बघायला आला आणि ओट्यावर बसला. तिचा उजवा खांदा तेव्हा वर होत नव्हता, म्हणून तिने पाण्याचा तांब्या डाव्या हाताने आणला. नवरा, लोटन, खाटेवर बसला होता आणि सासू दाराच्या चौकटीत उभी होती. बापाने विचारलं, कशी हायेस पोरी? तिच्या तोंडून निघालं, बठ्ठं बरं शे. बाप इतका खूश झाला. वा, इकडची बोलीबी उचलली की, म्हणजे पोर नांदली, असं म्हणून त्याने जावयाच्या पाठीवर थाप मारली. गावी जाऊन त्याने चार लोकांत तेच सांगितलं. त्यानंतर आखाजीला तिला माहेरी न्यायला कोणी आलं नाही. पोर सासरी रमली आहे, कशाला मोडता घालायचा, असं सगळ्यांना वाटलं. मार पुढे अकरा वर्षं चालला. आता बापही नाही, लोटनही नाही.

“माझा बाप वाईट नव्हता,” सुगंधाबाई म्हणाली. “त्यानं मी काय बोलले ते ऐकलं. कशी बोलले ते त्याला ऐकूच आलं नाही.”

मग तिने तारीख दाखवायला नूतनला रजिस्टरची मागची पानं उलटायला लावली. दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीवर बसून ही पोर मले-मले करत होती. पाच वर्षांत बदलली नाही ती बोली दोन महिन्यांत कशी बदलली? नूतनचा चेहरा उतरला. तिने लिहिलेली ओळ खोडली आणि कितीतरी वेळ ती त्या खोडलेल्या ओळीकडे बघत राहिली. अशा किती ओळी आपण न खोडता पुढे गेलो असू, हे तिच्या मनात आलं असणार.

उद्याच पोलीस घेऊन जाऊ, असं तिचं म्हणणं पडलं. सुगंधाबाई नको म्हणाली. पोलिसांपुढेही हेमांगी हेच म्हणेल, कारण सासू तिथेही पाठीशी उभी असेल. मग ते सहीशिक्क्यानिशी कागदावर जाईल आणि ते दार कायमचं बंद होईल. पोर आधी उंबऱ्याबाहेर आली पाहिजे. आणि आखाजीच्या तोंडावर खानदेशातलं कुठलंही दार ज्याच्यासाठी उघडतं, असा एकच माणूस असतो. तो म्हणजे मुराळी.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात लोक त्या दिवशी आमरस खाऊन झोपतात. खानदेशात हा लेकीबाळींचा सण. झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, माहेरी चार दिवस लोळायचं. त्यासाठी माहेरचा माणूस न्यायला जातो. याला म्हणतात मूळ आलं, आणि नेणारा तो मुराळी. मुराळ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे भर गल्लीत आपणच आपलं नाक कापून घेणं. सुनेला जेवताना घास मोजून देणारी सासूसुद्धा हे करायला धजत नाही.

हेमांगीचा भाऊ योगराज मुक्ताईनगरजवळ केळीची शेती करतो. सुगंधाबाईने तिथल्या तिथे त्याला फोन लावला. तो म्हणाला की पंधरा दिवसांपूर्वीच मी बोललो तिच्याशी, ती स्वतः म्हणाली बठ्ठं बरं शे. शिवाय दोन वर्षांपूर्वी प्रेमराजने अपमान केला तेव्हापासून आपण तिकडे जात नाही. थोडं सोसून घे, असं आपणच तिला सांगितलंय, हेही त्याने कबूल केलं. सुगंधाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग सदतीस वर्षं न वापरलेली बोली, अडखळत, तोंडात आणली.

“तुह्या घरात कोनी ‘शे’ म्हनतं का रे, भाऊ?”

पलीकडे केळीच्या बागेतली मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.  मोटर बंद झाली. मग योगराज म्हणाला की मी पहाटे निघतो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मित्राची बोलेरो घेऊन तो आला. गाडीत केळीचा अख्खा घड. सुगंधाबाईने सांजोऱ्यांचा डबा घेतला, ठेवणीतलं लुगडं नेसलं. मावशी म्हणून जायचं ठरलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं, माहेरच्या बाजूची कोणतीही बाई मावशीच लागते, टेलर असली तरी. नूतन एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन फाट्यावर थांबली. पाऊण तासात गाडी दिसली नाही तर आम्ही आत येणार, असं तिने दोनदा बजावलं.

दारात प्रेमराज. मागे पुष्पाबाई. हेमांगीला ताप आहे, आवंदा जमणार नाही, असं त्या दोघांनी एकदमच सांगितलं. सुगंधाबाई ‘असं का’ म्हणाली आणि ओट्यावर ऐसपैस बसली. मग तिने पाणी मागितलं, डबा उघडला, आणि तिच्या गावात सगळ्यांना माहीत असलेला तो खणखणीत आवाज लावला. मुक्ताईनगरहून भाऊ आलाय, इतकं ऊन, सांजोऱ्या अजून गरम आहेत, घ्या ना बायांनो. पाच मिनिटांत समोरच्या, शेजारच्या, कोपऱ्यावरच्या बाया जमल्या. मूळ आलं म्हणे, अशी बातमी गल्लीभर झाली. ओट्याच्या टोकाला खाटेवर प्रेमराजचे आजोबा, जीवराम आबा, पाय पसरून पडले होते. ऐंशीच्या पुढचे, पण ऐकायला ठणठणीत. ते उठून बसले.

“आखाजीनं मूय आमना दारथीन कधी रिकामं गये नही,” ते म्हणाले. “धाड तिले.”

प्रेमराजने गल्लीकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि तोंडावर हसू आणलं. थोड्या वेळाने हेमांगी पिशवी घेऊन दारात आली. वाळली होती. तिने योगराजकडे बघितलं आणि चटकन मान खाली घातली. ती उंबरा ओलांडणार, तेवढ्यात पुष्पाबाई गोड आवाजात म्हणाली की जा चार दिवस, पण पोरगी इथंच राहील, तिला माझ्याशिवाय करमत नाही.

 रात्रभर सुगंधाबाईने सगळं ठरवलं होतं, कुठे बसायचं, काय बोलायचं, कोणाला सांजोरी द्यायची. हे मात्र तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. पोरीपायी हेमांगी चार दिवसांत मुकाट परत येणार, किंवा आत्ताच पिशवी खाली ठेवणार.  योगराज स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला.

हेमांगीने पिशवी खाली ठेवली आणि ती आत गेली. संपलं, असं सुगंधाबाईला वाटलं. पुष्पाबाईलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने डब्यातली एक सांजोरी उचलली. पण हेमांगी परत आली ती पुनमला कडेवर घेऊन.

“माही पोर माह्यासंगं येईन,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गल्ली गप्प होती. “मले जायाचं हाये.”

पुष्पाबाईने प्रेमराजकडे बघितलं, प्रेमराजने आबांकडे.  आबांनी ओट्याच्या पायऱ्यांपर्यंत गेलेले आपले पाय जवळ ओढून घेतले आणि वाट मोकळी केली. हेमांगी त्या वाटेने खाली उतरली. पिशवी सुगंधाबाईने उचलली.

केंद्रात पोचल्यावर हेमांगी पहिली दहा मिनिटं नुसती पाणी पीत होती. मग तिने सांगितलं की डोसच्या कार्डात ठेवलेली तारखेची चिठ्ठी प्रेमराजला सापडली, आणि त्या दिवसापासून दार बंद झालं. फोनवर बोलताना प्रेमराज समोर उभा होता आणि सासू शब्द सांगत होती. नूतनने विचारलं की मग तुम्ही ते जसंच्या तसं का म्हणालात? हेमांगी म्हणाली की मुद्दाम. ती वाक्यं माझ्या बोलीतही सांगता आली असती. पण वाटलं, मंगळवार आहे, मावशी समोर असेल तर ओळखेल.  सुगंधाबाईला त्या क्षणी त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसायचं सोडून ती उगाचच चष्मा पुसत बसली.

मग सरकारी दवाखाना, संरक्षण अधिकाऱ्यांपुढे जबाब, आणि संध्याकाळच्या आत बोलेरो जळगावच्या रस्त्याला लागली. पाचव्या दिवशी प्रेमराज दोन वडीलधारे घेऊन योगराजच्या दारात आला. मूळ रीतीने नेलं, आता रीतीने परत धाडा, असं त्यांचं म्हणणं. योगराजने खाटा टाकल्या, चहा दिला आणि हेमांगीला बाहेर बोलावून एवढंच म्हटलं की काय ते तिलेच विचारा. मी येत नाही, असं ती म्हणाली. ते दुपारपर्यंत बसले, ती काही बदलली नाही.

पुढचं काही चुटकीसरशी झालं नाही. कोर्टाच्या तारखा पडल्या, संरक्षणाचा आदेश मिळाला, सर्टिफिकिटं पोलिसांमार्फत आणावी लागली. त्यात दिवाळी उजाडली. आता हेमांगी दीपनगरकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. केस अजून चालू आहे. दाराशी मोटरसायकल थांबली की पुनम अजूनही खाटेखाली जाते, पण आता आपणहून बाहेरही येते. केंद्राच्या रजिस्टरमध्ये नूतनने एक नवा रकाना आखला आहे. रकान्याचं नाव ‘बोली’. बाई पहिल्या दिवशी कशी बोलली ते त्यात तिच्याच शब्दांत लिहायचं, आणि नंतर फोनवर ती वेगळं बोलली तर फाइल बंद करायची नाही, भेटायला जायचं. जुन्या नऊ फायली तिने अशाच पुन्हा उघडल्या. त्यातल्या दोन घरी खरंच जावं लागलं.

यंदा आखाजीच्या चार दिवस आधी, सकाळी, सुगंधाबाईच्या दाराशी बोलेरो थांबली. लग्नसराईचे दिवस, ब्लाउजांचा ढीग लागलेला. तिने योगराजला बघितलं आणि मशीनवरून उठलीच. चपला शोधता शोधता तिने विचारलं की कोणतं गाव, कोणाची पोर, घरात कोणकोण आहे. सांजोऱ्या करायला अर्धा तास लागेल, असंही सांगून टाकलं.

योगराज म्हणाला की दुसरं कोणी नाही.

“तुलेच न्यायले आलो, आक्का. हेमांगीनं धाडलंय.”

सुगंधाबाईने आधी कामं सांगितली. तीन नवऱ्या खोळंबल्यात, एकीची हळद परवा आहे. योगराज ओट्यावर बसला आणि म्हणाला की मले घाई नाही. मग ती त्याच्या शेजारी बसली, आणि सगळी गल्ली बघत असताना, हातातल्या कोणाच्या तरी ब्लाउजपीसने डोळे पुसत, हमसून हमसून रडली. लोटन गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

दुपारी ती हळदवाली नवरी ब्लाउज न्यायला आली. दुकानात कुंदन होता. त्याने तिला तयार पुडकं दिलं. नवरीने विचारलं की मावशी कुठे, बाहीला जरा टाका घालून हवा होता.

“माय माहेरले गयी,” कुंदन म्हणाला. “चार दिन येवाव नही.”